हवा नव्हे, गॅस

मकरंद, तू हृदयविकाराने गेला नाहीस.

हे वाक्य आधी लिहिते, कारण तू गेल्यापासून ते कुणीच लिहिलेलं नाही. तुझा फोटो, फोटोच्या दोन बाजूंना दोन समया आणि खाली 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने'. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तेच, पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तेच, तुझ्या कॉलेजच्या ग्रुपवरही तेच. मी नोकरीची सगळी वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली. मृत्यूचं कारण कळलं नसेल तर 'कारण समजू शकले नाही' असं लिहायचं, कळलं असेल तर ते लिहायचं. याहून अवघड असं त्यात काही नसतं. सख्ख्या भावाच्या बातमीत मात्र मला एवढंही करू दिलं गेलं नाही.

तू कार्बन डायऑक्साइडने गेलास. घरी केलेल्या बिअरच्या केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या पिंपात, तो भरलेला होता. केगच्या झाकणातून तो गळला, बंद खोलीत साठला आणि तू त्या खोलीत जाऊन वाकलास.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर दोन पानं लिहायला तुझ्या दोस्ताने, दिलीपने, मला सांगितलं. "ताई, मक्यावर तुम्हीच लिहायचं. फक्त ते खोलीचं वगैरे नको. हसरा होता, दिलदार होता, असं." तू हसरा होतास. दिलदार होतास. दिलीपचे दोन्ही शब्द लिहून झाले.

आता ती खोली.

अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या तुमच्या व्हिलाच्या तळमजल्यावरची मेड्स रूम. तुमच्याकडे राहायला मेड कधी नव्हती, म्हणून ती खोली तुझी झाली. तिला खिडकी नव्हती. एक्झॉस्टचं भोक होतं, ते तू फोम कोंबून आणि वरून टेप मारून बुजवलंस. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावलीस. घरी बिअर करायला इथे परवानगी नाही, हे तुला माहीत होतं. यीस्टचा वास पॅसेजमध्ये जाऊ नये, शेजाऱ्यांना शंका येऊ नये, म्हणून एवढा बंदोबस्त. ज्याला वास होता त्याला तू कोंडलंस. ज्याला वास नाही तोही त्याच्याबरोबर कोंडला गेला.

आणि तुझी नोकरी कसली होती? व्हेंटिलेशनची. बेसमेंटमध्ये गाड्यांचा धूर साठू नये म्हणून पंखे किती लागतील, डक्ट केवढा लागेल, हे मोठमोठ्या कंत्राटदारांना सांगण्याचा तुला पगार मिळायचा. माझ्या दुबईतल्या, देऱ्याच्या फ्लॅटमध्ये आलास की आधी बाथरूमच्या एक्झॉस्टला टिश्यू पेपर लावून बघायचास. कागद चिकटला नाही तर वॉचमनला वर बोलवायचास. "हबीबी, ये चलता नहीं है, ये सिर्फ आवाज करता है." माझ्या बाथरूमची हवा बदलली पाहिजे, यासाठी तू माणसाला वर बोलावून भांडायचास. मग स्वतःच्या घरी जाऊन एक खोली डब्यासारखी बंद करायचास.

तुला काही माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर हा लेख वेगळा झाला असता.

आपलं भांडण तुझ्या त्याच खोलीच्या दारात सुरू झालं होतं. आत जुना फ्रिज होता, त्यात स्टीलचे दोन उंच केग आणि बाजूला सिलिंडर. मी विचारलं, "हा गॅस गळत नाही कशावरून?"

तू मागे वळून स्वयंपाकघरातल्या बायकोकडे बघितलंस. "ताई, हळू. गॅस म्हणू नकोस गं. शर्वरी ऐकेल आणि उद्या सगळं बाहेर फेकून देईल. हवा म्हण."

"हवा?"

"केगमध्ये हवा भरतो आम्ही. सगळे तसंच म्हणतात."

'सगळे' म्हणजे तू, दिलीप आणि तुमचे दोन दोस्त. तुम्ही हवा भरायचात, हवा संपायची, हवेचं सिलिंडर बदलून आणायचात. शर्वरीला वाटायचं, सायकलच्या चाकात भरतात तसलंच काहीतरी असेल.

"आणि हा काही स्वयंपाकाचा गॅस नाही," तू पुढे म्हणालास. "पेटत नाही, फुटत नाही. सोडा आहे सोडा. सोड्याने कोण मेलंय आजवर?"

"विहिरीत गाळ काढायला उतरलेली माणसं कशाने मरतात?"

"तुझं हे असं. क्राइमच्या बातम्या लावून लावून तुला सगळीकडे बॉडी दिसते."

मी हसले. तू हसायला लावायचास, हा तुझ्यातला सगळ्यात धोकादायक गुण. तरी पुढच्या वेळी, तुझ्या वाढदिवसाला, मी अलार्म घेऊन आले. कार्बन डायऑक्साइड वाढला की वाजणारा. जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो आधी खाली साठतो. तू खोका उलटसुलट करून पाहिलास. "वाढदिवसाला शर्ट देतात गं लोक." मग म्हणालास, "लावतो, लावतो. इन्शाल्ला."

तुझा इन्शाल्ला मला माहीत होता. तू गेलास त्या दिवशी तो खोका शू रॅकवर होता, त्या खोलीच्या दारापासून हाताच्या अंतरावर. सील फोडलेलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही पुण्याला निघालात, तेव्हा दारात नेहमीची उजळणी झाली. शर्वरीने ती मला नंतर सांगितली. आपल्या आईकडून तुमच्या घरात आलेली पद्धत. बॅगा बाहेर, कुलूप हातात, आणि एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं.

"गॅस?"

"बंद."

"नळ?"

"बंद."

"खालचे स्विच?"

"पाडले."

स्वयंपाकघराच्या फ्रिजचा तेवढा ब्रेकर चालू ठेवून बाकी सगळे तू खाली केलेस. त्यात त्या खोलीचाही गेला. तुझा बिअरचा फ्रिज बंद पडला. सिलिंडरचा नॉब मात्र उघडाच राहिला. शर्वरीने त्याबद्दल विचारलं नाही, कारण तो तिच्या घरात गॅस नव्हताच. ती हवा होती. हवा कुणी बंद करून गावाला जात नाही.

पण नॉब उघडा राहिला म्हणून सगळं सिलिंडर रिकामं होत नाही. केगचं झाकण नीट बसलेलं असेल तर गॅस आत राहतो. झाकण नीट का बसलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्याकडे येते.

परतलात त्या सकाळी विमानतळावरून तुम्ही माझ्याकडे आलात. आमटी-भात जेवलात. तुझी लेक इरा सोफ्यावरच झोपून गेली. तू किल्ली उचललीस. "मी पुढे होतो, घर गार करून ठेवतो. संध्याकाळी ताई सोडेल तुम्हाला. यल्ला, निघतो." या देशात नवरे बायकामुलांवरचं प्रेम असं व्यक्त करतात. आधी जाऊन एसी लावून ठेवतात.

मग तू फोन उचलेनास. इराला माझ्या नवऱ्याजवळ ठेवून शर्वरी आणि मी निघालो. पोचलो तेव्हा उजेड होता. तुझी गाडी दारात. बॅगा हॉलमध्ये. एसी चालू. घर गार झालं होतं, ते काम तू केलं होतंस. त्या खोलीचं दार अर्धवट उघडं आणि दारातून तुझे पाय दिसत होते.

शर्वरी धावली. मी तिचा दंड धरला. ती ओढत होती, मी सोडत नव्हते. तिने माझ्या मनगटाला चावा घेतला. तरी मी तिला घराबाहेर ओढत नेलं आणि अंगणातून फोन केला. एक पडला की त्याला काढायला दुसरा जातो, दुसऱ्याला काढायला तिसरा. विहिरीच्या बातम्यांमध्ये नेहमी तसंच असायचं. अग्निशमनाची माणसं पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन आत गेली. त्यांच्या हातातलं यंत्र दारापाशीच वाजायला लागलं. त्यांनी तुला बाहेर आणलं तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भीतीही नाही. दोन श्वासांत सगळं संपलं असेल, असं त्यांच्यातला एक जण मला म्हणाला. त्याला वाटलं, मला बरं वाटेल. मला वाटलं, याला घाबरायलासुद्धा वेळ मिळाला नाही, आणि ज्याला आयुष्यात कधी घाबरता आलं नाही त्याला तो एक श्वास तरी घाबरायला द्यायला हवा होता.

तुला बाहेर काढू दिलं नाही म्हणून त्या दिवसापासून शर्वरी माझ्याशी नीट बोलत नव्हती. तिला राग येणं बरोबरच होतं. फक्त तो तुझ्यावर यायला हवा होता.

त्याच अंगणातून तिने पुण्याला सासूबाईंना, आपल्या आईला, फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "आई," ती म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, "हार्ट." पोलिसांनी विचारायचं ते विचारलं, तिच्याशी नीट वागले, केग आणि नळ्या घेऊन गेले. त्यांच्या कागदावर कारण बरोबर आहे. आपल्या माणसांच्या ग्रुपवर मात्र दिलीपने तासाभरात 'हृदयविकार' टाकला होता आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

"ताई, लोकांना काय सांगू?" शर्वरीने मला नंतर विचारलं. "दारू गाळताना गेला म्हणतील."

"बिअर गाळत नाहीत," मी म्हणाले. असल्या वेळी तोंडातून असलंच काहीतरी निघतं.

गळतीचं कारण मला दिलीपच्या गोदामात सापडलं. दुबईतल्या रास अल खोरला त्याचा फ्रोजन मालाचा धंदा आहे. मी लेखासाठी तुझे फोटो घ्यायला गेले होते. तो मला आतल्या ऑफिसात घेऊन गेला. बिनखिडकीची केबिन, कोपऱ्यात फ्रिज, फ्रिजशेजारी सिलिंडर. सगळं तुझ्यासारखंच मांडलेलं.

"हे अजून इथे आहे?"

"शेवटचा आहे ताई, मक्याच्या हातचा. ज्वारीवाला." ज्वारी भाजून घातलेली तुझी ती बिअर. वास थेट तव्यावरच्या भाकरीचा. "शनिवारी सगळे जमतोय. त्याच्या नावाने हा उघडायचा. तुम्हीपण या."

"दिलीप, तो कशाने गेला ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे ना. पण त्याचं काहीतरी लूज राहिलं असणार. माझं सील एक नंबर आहे. त्यानेच बसवलंय."

मी झाकण दाखवायला सांगितलं. त्याने दुसरा, रिकामा केग काढला. झाकणाखाली रबराची जाड रिंग असते, ती दाबली गेली की तोंड बंद होतं. रिंगवर पिवळट थर होता. मी बोट लावलं, वास घेतला.

"तूप?"

"साजूक," दिलीप अभिमानाने म्हणाला. "शर्वरीवहिनींच्या हातचं. मक्या डबीच देऊन गेला. परदेशी ग्रीसमध्ये काय काय असतं कुणास ठाऊक, पोटात जायची वस्तू आहे, आपलं तूप बेस्ट, असं म्हणायचा."

मकरंद, तू इंजिनिअर होतास. रिंगला लावायला खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस मिळतं. चरबी लागली की त्या जातीचं रबर फुगतं, मऊ पडतं, हे मी वाचून शोधलं. तुला ते वाचावं लागलं नसतं. पण त्याहून वाईट गोष्ट माझ्या लक्षात आली. तूप फ्रिजमध्ये थिजतं.

"साबणाचं पाणी लावून बघता का?" मी विचारलं.

"दर वेळी. बुडबुडा नाही. बघा पाहिजे तर."

त्याने रिकाम्या केगमध्ये गॅस भरला, फ्रिजमधल्या थंडीत ठेवला. तो माल मोजून येईपर्यंत मी थांबले. मग झाकणाच्या कडेला साबणाचं पाणी सोडलं. एकही बुडबुडा नाही. दिलीपने माझ्याकडे असं बघितलं की जणू तूच पास झालास.

"आता बाहेर आणा," मी म्हणाले. "उन्हात."

लोडिंगच्या मोकळ्या अंगणात, ऑगस्टच्या उन्हात आम्ही तो केग ठेवला. स्टीलला हात लावणं कठीण होईपर्यंत वाट पाहिली. झाकणाच्या कडेने पिवळा ओघळ खाली आला. दिलीपने पुन्हा साबणाचं पाणी ओतलं आणि कडेवर फेस आला. थांबेना. बारीक, न थकणारा फेस.

तुझ्या तुपाने गळती थांबवली नव्हती, लपवली होती. थंडीत तूपच बूच होऊन बसलं होतं. फ्रिज बंद पडला, खोली तापली, बूच वितळलं, आणि उघड्या नॉबमधून अख्खं सिलिंडर हळूहळू त्या खोलीत उतरलं. तू दर वेळी तपासलंस, दर वेळी पास झालास, कारण तू नेहमी गार केगच तपासलास.

"खलास," दिलीप म्हणाला. मग आत गेला, सिलिंडरचा नॉब बंद केला आणि केबिनचं दार सताड उघडून त्याला खुर्ची लावली.

"बाकीच्या दोघांकडेही असलीच डबी असणार," मी म्हणाले. "त्यांना फोन करा. हवा म्हणू नका. गॅस म्हणा. भरून झालं की नॉब बंद. सिलिंडर बाहेर, मोकळ्यावर. रिंग बदला. आणि कुणी आत पडलेला दिसला तर आत जायचं नाही."

"वहिनींना हे कळलं तर?"

तेच अडलं होतं. ते तूप तिचं होतं. लोणी तिने साठवलेलं, कढवलेलं, गाळलेलं. तिच्या ओट्यावरून डबी भरून नेताना तिने तुला बघितलंही असेल. खरं लिहायचं म्हणजे तेही लिहायचं. 'हार्ट' या एका शब्दामागे ती उभी होती आणि तिला तिथून बाहेर ओढायला मला दुसऱ्यांदा जायचं होतं.

तुझ्यावरचा माझा राग इथे सगळ्यात जास्त आहे. मरणारा तू. सांगायचं मी. ऐकायचं तिने.

आणि तरीही, हे लिहिताना एक गोष्ट आड येते आणि बाजूला होत नाही. आमचं वर्तमानपत्र बंद झालं आणि माझी नोकरी गेली, तेव्हा सगळ्यांनी मला सल्ले दिले. तू दर आठवड्याला एक बाटली घेऊन अबू धाबीहून देऱ्याला यायचास, माझ्या गॅलरीत बसायचास आणि काही विचारायचा नाहीस. एकदा फक्त म्हणालास, "ताई, ही बॅच बिघडली आहे, पण आणली." बिघडलेलीच बिअर आपण दोघांनी प्यायली. माझी त्या वर्षातली ती सगळ्यात चांगली संध्याकाळ होती. हे तुला सांगायचं राहिलं. तुझ्याशी भांडण चालू होतं ना.

गोदामातून मी थेट तुमच्या घरी गेले. शर्वरी स्वयंपाकघरात होती. इरा डायनिंग टेबलाशी फोन घेऊन बसली होती. शाळेच्या क्रॉसकंट्रीच्या टीममधून तिने नाव काढून घेतल्याचं मला तेव्हाच कळलं.

"का गं?"

तिने फोन खाली ठेवला. "आत्या, आजोबांना हार्ट होतं ना? देन डॅड. सो आय अॅम नेक्स्ट, राइट? इट्स जेनेटिक. आय लुक्ड इट अप."

शर्वरीच्या हातातला चमचा थांबला. मी तिच्याकडे बघितलं. तिने सरळ माझ्याकडे बघितलं. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"सांगा," शर्वरी म्हणाली. "सगळं सांगा."

मी सांगितलं. खोली, टेप, अलार्मचा खोका, नॉब. दारातली उजळणी. मग तूप. तुपाशी आल्यावर मी शर्वरीकडे न बघता बोलले, पण तीच मध्ये म्हणाली, "माझ्यासमोर नेली त्याने डबी. मी विचारलं, कशाला रे? म्हणाला, हवा धरून ठेवायला. मी म्हटलं, वेडा आहेस." ती ओट्याला पाठ लावून खाली बसली. इरा उठून तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसली.

"तूप विषारी नव्हतं, शर्वरी," मी म्हणाले. "ते जेवायला केलं होतंस तू."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. मग फोन मागितला आणि ग्रुपवर स्वतः लिहिलं. तुझ्या फोटोखाली, हात जोडलेल्यांच्या रांगेखाली. मकरंद हृदयविकाराने गेला नाही. पुढे कारण, आणि ज्यांच्याकडे हे सामान आहे त्यांनी काय करायचं, तेही. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी दुरुस्त केल्या नाहीत. मग तिने पुण्याला आईंना फोन लावला आणि दार लावून घेतलं. बोलून बाहेर आली तेव्हा इरा तिथेच जमिनीवर बसली होती.

"ही वॉज अ व्हेंटिलेशन इंजिनिअर," इरा म्हणाली. आवाज चढत गेला. "ही न्यू इट ऑल! ही लिटरली न्यू! अँड द अलार्म वॉज राइट देअर!" मग एकदम थांबली, आणि लहानपणी विचारायची तसं आईला विचारलं, "मम्मा, अॅम आय अलाउड टू बी अँग्री विथ हिम?"

शर्वरीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"लाइनीत ये," ती म्हणाली. "आधी मी."